महानंदा मावशींची धाडसाची सुट्टी

काल शेजारच्या खोलीला रंग द्यायला माणसं आली. त्यातला एकजण हातात ब्रश घेऊन आमच्या दारात आला अन् म्हणला, "ताई, आतल्या कपाटाच्या दारावर कुणीतरी मोठं वांगं काढलंय, रेघा बी मारल्यात त्याच्यावर. पुसू का ठेवू?" मी पोळ्या लाटायलते. वांगं न्हाई ते, असं म्हणायचं व्हतं, पण मंग काय हाय ते सांगावं लागलं असतं, अन् ते एका वाक्यात कुटं सांगून होतंय. मी नुसती मान हलवली. तो बिचारा तसाच उभा, हलवली ती हो म्हणून का न्हाई म्हणून, त्याला कळंना.

लंका हाय ती. आमच्या महानंदा मावशींनी काढलेली.

मला लिहायची सवय न्हाई, नववीतून शाळा सुटली माजी. पण कालपासून डोक्यात तेच चालू हाय तर लिहून टाकते, मागंपुढं झालं तर झालं.

मावशी आमच्या घरमालकीण. पूर्णेत रेल्वे लायनीच्या अलीकडं त्यांच्या तीन खोल्या, दोन आमाला भाड्यानं अन् एकीत त्या. मालक त्यांचे रेल्वेत गँगमन व्हते, ड्युटीवरच वारले, मंग त्यांच्या जागी मावशी लागल्या. ठेसनातल्या बायांच्या वेटिंग रूमवर अठ्ठावीस वर्षं काढली त्यांनी. लेकरूबाळ न्हाई. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अन् अंगाला फिनेलचा वास. रिटायर होऊन सहा वर्षं झालती तरी रोज स्वतःची खोली फिनेलनं पुसायच्या, जसं काय आता साहेब तपासणीला येणार हाय.

आता मावशी न्हाईत. सिकंदराबादला भाच्याकडं डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून थांबल्या त्या तितंच गेल्या, खुर्चीत बसल्या-बसल्या. मला भाच्याचा फोन आठव्या दिवशी आला. म्हणला, तुमचा नंबर मामीच्या वहीत सापडला, आधी सापडला न्हाई. मावशी लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवूनच माती देतेत. म्हणजे मावशी शेवटाला बी आडव्या पडल्या न्हाईत, असं माज्या मनात आलं, अन् मंग मला रडू आलं, फोन चालूच व्हता.

मी लग्न करून इतं आले तवा माजं वय एकोणीस, अन् मला सगळ्याचंच भ्याव वाटायचं. कुकरच्या शिट्टीचं, आत्याबाईच्या खोकल्याचं (सासूबाईला आमी आत्याबाई म्हणतो), आमच्या ह्यांच्या गप बसण्याचं. अन् सगळ्यात जास्त गाड्यायचं. घराच्या मागून गाडी गेली की मांडणीवरचे ताटं वाजायचे अन् मी जागच्या जागी थिजायचे. आरू पोटात व्हती तवा. एक दिवस मावशी न सांगता आत आल्या, माज्या बाजूला खाली बसल्या. गाडी आली. मावशी म्हणल्या, "ही नांदेडची. सोळा वाजून दहाला पाहिजे व्हती, लेट हाय." थोड्या वेळानं दुसरी. "ही मालगाडी. डबे मोज." मी मोजले. एकोणपन्नास निघाले का काय. "ही अकोल्याकडची, हिचा हॉर्न बेडकावानी हाय, ऐक." असं आठ दिवस. नवव्या दिवशी मीच म्हणले, "मावशी, ही नांदेडची." मावशी उठल्या अन् पदर झटकून म्हणल्या, "झालं. ज्याचं नाव माहिती हाय त्याचं भ्याव कशाला?"

चोवीस तासाचं घड्याळ त्यांच्या तोंडात बसलेलं. "अठरा वाजले, चहा ठेव गं." गल्लीत नळ येणार असला की ओट्यावरून ओरडायच्या, "सतराला पाणी येईल, बायांनो, घागरी काढा!" आत्याबाई म्हणायच्या, ही बाई माणूस हाय का भोंगा. पण घागर पहिली आत्याबाईचीच असायची.

वेटिंग रूमवर असताना त्यांच्याकडं लय बाया यायच्या, माहेराला जायलेल्या, दवाखान्याला निघालेल्या, पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या, अन् गाडी लागली की त्यायचे पायच उचलायचे न्हाईत. मावशींची एकच पद्धत. समजूत घालायच्या न्हाईत. म्हणायच्या, "भ्याव वाटायलंय ना? मंग पिशी उचल." बाई पिशी उचलायची, अन् पिशी उचलली की पाय आपसुक चालायचे. "अठ्ठावीस वर्षांत एक बाई माज्याकडून माघारी गेली न्हाई," असं म्हणायच्या, अन् मंग थोडं थांबून, "एक गेली व्हती. पण तिला दुसऱ्या दिवशी बसवलं."

रिटायर झालेल्याला वर्षाला एक पास मिळतो. मावशी पासावर काशीला जाऊन आल्या, तिरुपती झालं, रामेश्वर झालं. रामेश्वराहून आल्या अन् चार दिवस कुणाशी बोलल्या न्हाईत. आमाला वाटलं दर्शन नीट झालं न्हाई. पाचव्या दिवशी मला म्हणल्या, "पोरी, तितं रूळ संपलेत. इतकी वर्षं रेल्वेत काढली, रूळ संपलेले मी पहिल्यांदा बघितले. समोर नुसतं पाणी. एकजण म्हणला, पलीकडं लंका हाय, तितं बी रेल्वे हाय, डोंगरातून जाती. मला इतका राग आला."

"राग कशाचा, मावशी?"

"तितं गाडी हाय अन् मला माहिती बी न्हाई, ह्याचा."

तितून सुरू झालं सगळं. रोज दुपारी जेवण झालं की मावशी फोन तोंडाजवळ धरून त्याच्याशी बोलायच्या. "लंका में डोंगर पे चढनेकू कित्ती पायऱ्या हैं, जरा बताव." फोनमधली बाई बोलायची, पाच हजाराच्या वर. मावशी माज्याकडं बघून डोळे मोठे करायच्या, जसं काय कुणी त्यांना मान दिला. मंग एक दिवस कॅलेंडरच्या पानावरचा नकाशा बघून-बघून खडूनं कपाटाच्या दारावर लंका काढली. मी म्हणले, वांगंच की हो हे. "वांगंच समज. हे वर देठ, तितं आपली बोट लागणार." रामेश्वराहून बोट न्हाई, पण अलीकडं नागपट्टणहून हाय, हे त्यांनी फोनला चार दिवस बेजार करून काढलं. नागपट्टणपर्यंत पास, पुढं बोट. देठापासून रेल्वेनं खाली. मधी थंड डोंगर, चहाचे मळे, तितं नऊ कमानीचा रेल्वेचा पूल, त्याच्यावरून गाडी जाताना खालून बघायची. मंग त्या पायऱ्यायचा डोंगर, अंधारात चढायचं अन् वर दिवस उगवताना बघायचा. मंग नदीत रबराच्या होडीतून उड्या खात जायचं. मंग जंगलात बिबट्या. मंग वांग्याच्या बुडाला समुद्र, तितं मोठाले कासवं. प्रत्येक ठिकाणी गोल केला अन् बाजूला लिहिलं, हॉल्ट दोन दिवस, हॉल्ट एक दिवस, पाणी भरून घेणे.

गल्लीतल्या बाया विचारायच्या, मावशी, लंकेत कोणतं देवस्थान? मावशी चिडायच्या. "देव न्हाई. जत्रा न्हाई. प्रसाद आणणार न्हाई मी. नोकरीत माजी सुट्टी वाया गेली, कुणी आजारी पड, कुणाचं लगीन. ही धाडसाची सुट्टी हाय, ती बाकी हाय माजी."

आत्याबाई ओट्यावरून म्हणल्या, "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?"

"विटा न्हाई आणायच्या मला," मावशी म्हणल्या. "बघून येते, हायत का."

आता पासाचा एक नियम हाय. पासष्ट झाले अन् संगं घरचं कुणी नसलं, तर पासावर एक सोबती नेता येतो. मावशींनी तो रकाना कदी भरलाच नव्हता. काशीला बी एकट्या, तिरुपतीला बी एकट्या. मी आरूला न्हाऊ घालायलते तवा मावशी दारात उभ्या राहिल्या अन् म्हणल्या, "सोबती म्हणून तुजं नाव घालायलेय. पूजा, पुढं नवऱ्याचं नाव, बरोबर ना?" मला वाटलं चेष्टा करायल्यात. मी हसून हो म्हणले. मला काय माहिती, मावशी रकान्याची चेष्टा करत न्हाईत.

मंग आमची प्रॅक्टिस सुरू झाली. प्रॅक्टिस हा त्यांचाच शब्द. सकाळी आमचे ह्ये गॅरेजला गेले की आरूला कडेवर घेऊन मी अन् पाच किलो ज्वारीची पिशी पाठीला बांधून मावशी, ठेसनावरचा जिना चढायचा, पूल ओलांडायचा, पलीकडून उतरायचं, परत यायचं. वीस खेपा. हमाल लोक हसायचे. "मावशी, दळण टाकायचं असल तर गिरणी त्या बाजूला हाय!" मावशी दम खात म्हणायच्या, "तुमी हसा. मी लंकेत पोचल्यावर हसते." साडीखाली पांढरे बूट घालायच्या, तवाच घेतलेले. लय घासायचे त्यायला, तरी रोज घालायच्या.

अन् मंग पाणी. मावशी म्हणल्या, समुद्रावर जायचं अन् पोहता येत न्हाई, लाज वाटती. त्यांचा भाऊ ताडकळसच्या अलीकडं शेतात राहतो, विश्वनाथ अप्पा, त्याची विहीर मोठी, बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. आमी आत्याबाईला सांगितलं हुरडा खायला जायलोत. अप्पानं तेलाचे दोन रिकामे कॅन आणले, बूच घट्ट लावून दोरीनं मावशींच्या पाठीला बांधले. मावशींनी लिंगाची डबी गळ्यातून काढून माज्या गळ्यात घातली न्हाई, दातात धरली. "ती अंगावरून उतरत न्हाई," दातातूनच म्हणल्या.

शेतात बाया तूर कापायल्या, त्या सगळ्या विळे टाकून काठावर आल्या. एक म्हातारी म्हणली, "अगं महानंदे, ह्या वयात जीव द्यायलीस का?"

मावशी पाण्यात उतरता-उतरता थांबल्या, डबी हातात घेतली. "जीव द्यायला कॅन बांधून कोण जातंय गं?" परत दातात धरली अन् धप्पकन उडी.

मावशी तरंगल्या. लुगडं फुग्यासारखं वर आलं, पांढरे केस, मधी भस्म पुसलेलं कपाळ, अन् पाय मारायल्या असल्या जोरात की अप्पा वरून ओरडायला, "ताई, जरा हळू, विहीर उपसायलीस का!" अन् मंग माजी पाळी, तेच कॅन माज्या पाठीला बांधले. मी तिसऱ्या पायरीवर उतरले, पाणी छातीला लागलं अन् मी पायरी धरली ती सोडंनाच.

"सोड."

"मावशी, मला लेकरू हाय."

"लेकरू वर मुरमुरे खायलंय. तू सोड."

"कॅन फुटला तर?"

"दुसरा हाय."

मी डोळे मिटले अन् सोडलं. खाली गेले, कानात गडगड झालं, मला वाटलं संपलं, अन् मंग त्या कॅननी मला उचललं जसं काय कुणी काखेत हात घालून. डोळे उघडले तर वर आभाळाचं गोल ताट, त्यात काठावरून आरूचं तोंड, खाली बघून हसायलेलं. मला लहानपणापासून कुणी असं मोकळं सोडलंच नव्हतं. इकडून धरलेलं नायतर तिकडून धरलेलं. त्या दिवसाच्या आधी मी मावशींसंगं जाणार व्हते, त्या एकट्या हायत म्हणून. त्या दिवसापासून मला लंकेला जायचं व्हतं. मलाच. नऊ कमानीचा पूल मला बघायचा व्हता. पोळ्या करताना, धुणं आपटताना मी मनात देठापासून खाली यायचे, एकेक हॉल्ट.

पासपोर्टसाठी आमी नांदेडला गेलो, घरात सांगितलं मावशींचे डोळे डॉक्टरला दाखवायचे हायत. आमच्या ह्यायला मी सांगितलं न्हाई. सांगणार व्हते. रोज सांगणार व्हते. चहा देताना तोंडापर्यंत यायचं अन् ते म्हणायचे साखर कमी हाय, की गेलं. मावशी म्हणायच्या, "आधी सांग. कागद आधी बोलला तर वंगाळ दिसतंय." मी म्हणायचे, उद्या.

मावशींचा पासपोर्ट आला. त्यांनी त्याला हळद-कुंकू न्हाई लावलं, नुसतं उघडून वास घेतला.

अन् एका दुपारी आमच्या दारात पोलीस. खाकी, हातात फाईल. गल्लीतले सगळे दारं एकदम उघडले. आत्याबाई भाजी निवडायलत्या, त्यायच्या हातातली मेथी खाली पडली. आमच्या दारात पोलीस आजपर्यंत कदी आला न्हाई, आमच्या ह्यांच्या गावाकडं भाऊबंदकीत एकदा आलता, त्याचं आजून नाव काढतेत. तो म्हणला, "पूजा कोण? पासपोर्टला अर्ज केलाय का? चौकशीला आलोय."

आत्याबाई म्हणल्या, "आमच्या घरातलं कुणी कुटं जायलं न्हाई, साहेब. चुकीचं घर हाय."

"आजी, तुमी थांबा. बाई, तुमी सांगा. अर्ज तुमीच केला ना?"

साधी गोष्ट व्हती. हो म्हणायचं अन् कागद दाखवायचे, दोन शेजाऱ्यायची सही. माणूस बी चांगला व्हता, घाम पुसायलता. पण गल्ली बघायली, आत्याबाई बघायल्या, अन् माज्या तोंडातून आलं, "मी न्हाई केला. मला कुटं जायचं न्हाई."

मावशी त्यांच्या दारात उभ्या व्हत्या, हातात तांब्या. त्यांनी पुढं येऊन त्या पोलिसाला पाणी दिलं. तो पाणी पिला, माज्याकडं परत एकदा बघितलं अन् म्हणला, मंग तसं लिहून द्या. त्यानंच लिहिलं, अर्जदार सांगते की अर्ज केलेला नाही, अन् खाली मी सही केली. शाळेत मी सही लय घोटली व्हती, वहीची पानंच्या पानं, पूजा, खाली गोल रेघ. इतकी चांगली सही माजी कदीच आली नव्हती.

दोन दिवस मी मावशींच्या समोर गेले न्हाई. नळावर पण आत्याबाईला पाठवलं. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः आल्या, मी तांदूळ निवडायलते, समोर बसल्या अन् ताटातले खडे काढायला लागल्या.

"मालक गेले तवा," मावशी म्हणल्या, "साहेबानं कागद पुढं केला, नोकरी घेती का म्हणून. माजा दीर बाजूला उभा. मी सही केली, नोकरी नको."

मी वर बघितलं.

"दुसऱ्या दिवशी एकटी गेले. साहेबाला म्हणलं, काल सही केली ती बाई मी नव्हते. साहेब म्हणला, मंग कोण व्हती? म्हणलं, भ्यालेली एक व्हती, गेली ती."

"मंग?"

"मंग काय. साहेब हसला. कागद फाडला. तवा कागद फाडता यायचे." त्यांनी एक खडा लांब फेकला. "आता कम्प्युटर हाय. परत अर्ज कर, पण ह्या वर्षी जमत न्हाई. बोटीचं तिकीट निघालंय. पुढं पावसात बोट बंद राहती, अन् मला थांबायला वेळ न्हाई, गुडघे थांबत न्हाईत."

मी रडायला लागले. मावशी म्हणल्या, "पण पास निघालाय. त्याच्यावर सोबती म्हणून तुजं नाव हाय. रेल्वेला पासपोर्ट लागत न्हाई. बंदरापर्यंत चल. येताना मात्र तुला तिकीट काढून एकटीला यावं लागल, सोबत्याला पासवाल्याबिगर जाता येत न्हाई, नियम हाय."

त्या संध्याकाळी आमचे ह्ये जेवायला बसले. आत्याबाई समोर बसलेल्या. मी भाकर ताटात टाकली अन् उभ्या-उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोललेच नसते. "अर्ज मीच केलता. पोलिसाला मी खोटं सांगितलं. मी मावशींसंगं नागपट्टणला जायलेय, आरूला घेऊन, अन् परत येणार हाय."

ह्यांचा घास तसाच हातात. "कुटं हाय ते?"

"गाडी जाती तितपर्यंत. तीन गाड्या बदलून."

"अन् परत?"

"गाडीनंच की."

"एकटी?"

"आरू हाय ना."

आत्याबाईनं सुरू केलं, लोक काय म्हणतील, बायामाणसं, परका मुलूख, भाषा न्हाई, लेकरू. सगळं खरंच व्हतं. मला बी तेच वाटायलतं, आत्याबाई माज्याच मनातलं बोलायल्या. पण मी गप उभी राहिले अन् न्हाई म्हणले न्हाई. शेवटी ह्ये म्हणले, "मला आधी सांगितलं असतं तर पोलिसासमोर मी उभा राहिलो असतो." एवढंच. ते ऐकून मला जे वाटलं ते पोलिसासमोर केलेल्या सहीपेक्षा जड व्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर माजं परतीचं रिझर्वेशन केलं, डब्याचा नंबर माज्याकडून तीनदा म्हणून घेतला. आत्याबाईनं निघायच्या दिवशी धपाट्यायची अख्खी चवड बांधून दिली अन् मावशींना म्हणल्या, "जाताना नेतीस ते ठीक हाय. येताना हिला कुणी चुकवलं तर तुज्या दारात बसंन." मावशी म्हणल्या, "बस खुशाल. ओटा पुसून ठेवते."

संक्रांत होऊन गेलती. गाडीत मावशी खिडकीला, माज्या मांडीवर आरू. मावशी प्रत्येक ठेसनाचं नाव आरूला वाचून दाखवायच्या, अन् पुढं अक्षरं बदलले, तेलुगू झाले, मंग तमिळ झाले, तरी मावशी वाचायच्याच, मनानं. "हे, हे बघ, आरू, हे म्हणजे जिलबीवाडी." आरू हसायची. मद्रासच्या मोठ्या ठेसनात गर्दीत मी त्यांचा पदर धरला, खरंच धरला, लहान पोरीवानी. त्यांनी पदर सोडवून घेतला अन् म्हणल्या, "पुढं तू चाल. नऊ नंबरचा फलाट शोध. परतताना मी नसंन." मी शोधला. चुकले, सातवर गेले, मंग नऊवर. त्या मागून येत राहिल्या, चुकले तवा बी बोलल्या न्हाईत.

त्यांनी पुढं लंकेत काय-काय केलं ते मला फोनवरच्या बोलण्यातून माहिती हाय, तुकड्या-तुकड्यात पाठवायच्या. पायऱ्यायच्या डोंगरावर त्या पोचल्या. होडीत बसल्या, एक बूट नदीत गेला. बिबट्या दिसला न्हाई, मोर दिसले, "मोर तर आपल्या वालूरला बी हायत," असं रागानं म्हणल्या. बाकीचं समोर बसून सांगते म्हणल्या. पण येताना सिकंदराबादला उतरल्या अन् ते राहिलंच. कदी-कदी नांदेडची गाडी जाती तवा मला वाटतं, आता दार लोटून येतील अन् तितूनच सुरू करतील, बुटापासून. मी नवीन अर्ज केलाय. पोलीस येऊन गेला. ह्या वेळी मी हो म्हणले. पण संगं कोण, ते काय मला माहिती न्हाई.

त्या दिवशी नागपट्टणला उतरलो तवा, बंदर म्हणजे मला वाटलं व्हतं समुद्र दिसल. समुद्र दिसलाच न्हाई, मोठी पत्र्याची इमारत, काचेचं दार, लांब रांग अन् माशाचा वास. सकाळचं ऊन आतापासूनच चटका देयलतं. मावशींच्या पाठीला आमच्या ह्यांनी दिलेली गॅरेजवाली निळी बॅग, पायात पांढरे बूट. रांगेत एक बाई नारळ घेऊन, एक म्हातारा दोन नातवायला घेऊन. मावशी मला सांगायल्या, "तुजी गाडी सतराला हाय. सोळाला ठेसनात जाऊन बस. डब्यात चढली की पाणी भरायला उतरायचं न्हाई, कितीबी तहान लागली तरी. आरूला खिडकीकडं ठेवायचं न्हाई." मी हो, हो म्हणायलते.

दाराशी आलो तवा तितल्या माणसानं मावशींचा पासपोर्ट बघितला, आत जा म्हणला. मंग माज्याकडं हात केला. मी कडेवर आरू घेऊन तशीच उभी. मावशी दाराच्या आत दोन पावलं गेलत्या, काचेच्या पलीकडं. त्यानं हिंदीत विचारलं, "आपको भी जाना है?"

सगळी रांग माज्याकडं बघायली.

"हां," मी म्हणले, जरा मोठ्यानंच. "अबी न्हाई. पन जाना है."

मावशींनी मागं वळून बघितलं. तोंडाला पदर लावून हसल्या. मागची नारळवाली बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणली, बहुतेक चला पुढं, अन् मावशींनी तिला जागा दिली न्हाई, तशाच उभ्या राहिल्या, माज्याकडं बघत, मंग कोपऱ्यावरून वळल्या.